दहा पौंडांचं पाणी

रंगाच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. लोक बाकांवर उभे होते, खिडक्यांत चढले होते आणि सगळ्यांचे डोळे एका काट्यावर खिळले होते. काट्यामागे बसले होते तोलबाबा. हे नाव लोकांनीच ठेवलेलं, पण बाबांना ते फार आवडलेलं दिसत होतं.

बाबांपुढे झाकणाचे दोन स्टीलचे पेले होते. एका पेल्यात त्यांनी नळाचं पाणी काठोकाठ भरलं, झाकणावर आलेला थेंब पुसला आणि पेला काट्यावर ठेवला. "आठ पॉइंट तीन," पुढून कोणीतरी वाचलं. मग बाबांनी भांड्यात उरलेल्या पाण्यावर हात धरला, काहीतरी पुटपुटले आणि ते पाणी दुसऱ्या पेल्यात भरलं. आता काटा म्हणाला, दहा. लोकांनी तोंडात बोटं घातली.

या लोकांना शेंडी लावणं इतकं सोपं का होतं, ते सांगायला हवं. रंगवाले रोज हेच करतात. ठरलेल्या मापाचा पेला रंगाने भरायचा, पेल्याचं वजन वजा करून तोलायचा आणि ग्रॅमला दहाने भागायचं (ते इथला काटाच करतो), की एका गॅलनला किती पौंड ते मिळतं. गॅलन जड, तर रंग भरीव. हलका, तर कोणीतरी पातळ केलाय. त्यामुळे जड पाणी म्हणजे कसदार पाणी, हे त्यांना लगेच पटलं.

"नळाचं पाणी पोकळ असतं, लेकरांनो," बाबा सांगत होते. "मी त्यात प्राण भरतो. म्हणून ते जड होतं आणि शरीरातला रोग तळाशी दाबतं." तळाशी दाबलेला रोग पुढे तिथे काय करतो, हे कोणी विचारलं नाही.

माझ्या मनात शंकेची पाल केव्हाच चुकचुकली होती, पण मला हसू येत नव्हतं. याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत रंग तपासणारी माझी ताई पहिल्या रांगेत बसली होती आणि तिने या पाण्यापायी इन्सुलिन सोडलं होतं. तिला सारखी तहान लागायची आणि तहान लागली की ती बाबांचंच पाणी प्यायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हे असंच चाललं तर ती बेशुद्ध पडेल, आणि मग शुद्धीवर येईलच असं नाही. मी घाबरलो होतो आणि त्या बाबाचा मला भयंकर राग येत होता.

घरी आम्ही कडाकडा भांडलो. भाऊजींनी तर केव्हाच हात टेकले होते. मी कधी पेला तरी हातात धरलाय का, असं ताईने विचारलं. ती आयुष्यभर तोलत आली होती, तिला कोण फसवणार?

"मला तुझे पौंडही कळत नाहीत आणि गॅलनही," मी वैतागून म्हणालो. "लिटरमध्ये सांग. त्या पाण्याचं एक लिटर किती किलो भरतं?"

मी चिडून विचारलं होतं, पण प्रश्न कामाचा होता, आणि कामाच्या प्रश्नाला उत्तर न देणं ताईच्या स्वभावात नाही. "शून्य पॉइंट बाराने गुणायचं," ती म्हणाली. "आठ पॉइंट तीनचं होतं एक. लिटरला एक किलो, साधं पाणी. दहाचं होतं एक पॉइंट दोन." मग ती स्वतःशीच म्हणाली, "एवढं जड तर मिठाने गच्च भरलेलं पाणी असतं. आणि हे तर अळणी लागतं."

ती उठली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिने लिटरचं रिकामं माप ठेवलं, आकडा शून्यावर आणला आणि बाबांचं पाणी ओतलं. एक किलो भरलं. नळाचं ओतलं, तेही एक किलोच भरलं. ताई खुर्चीत बसली.

"गॅलन दोन असतात," ती हळूहळू म्हणाली. "एक लहान, एक मोठा. मोठ्या गॅलनात साधं पाणीच दहा पौंड मावतं. पूर्वी आमच्याकडे दोन्ही मापांचे पेले होते. मोठ्या गॅलनवाले बाद करून भंगारात दिले."

"भंगार कोण न्यायचं?"

"हाच. बाबा व्हायच्या आधी."

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये ताई उभी राहिली आणि पाणी न बदलता फक्त पेले बदला, असं तिने बाबांना सांगितलं.

"श्रद्धेची परीक्षा घेतेस?" बाबांनी डोळे वटारले.

"नाही, पेल्यांची."

हात न लावलेलं नळाचं पाणी तिने दुसऱ्या पेल्यात भरलं. काटा दहावर गेला. मंतरलेलं पाणी पहिल्या पेल्यात भरलं, तर आठ पॉइंट तीन. मग तिने दोन्ही पेले शेजारी शेजारी ठेवले. दुसरा किंचित उंच होता आणि किंचित रुंद. एवढासाच फरक, पण दोन्हींमागचे गॅलन वेगळे होते. बाबांचं पितळ उघडं पडलं होतं. तरी ते म्हणाले की शक्ती आता पेल्यात उतरली आहे, आणि दोघातिघांनी माना डोलावल्या.

"मग पाणी कशाला पाजता?" ताईने विचारलं. या प्रश्नावर मात्र बाबा पेले पिशवीत भरू लागले.

संध्याकाळी ताईने स्वतःहून इन्सुलिन घेतलं. तिला सुई टोचताना पाहून मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात.

ताई काही अडाणी नव्हती. ओळखीचा आकडा दिसला, म्हणून तिने पुढचं विचारलं नाही. आपणही असंच करतो. उद्या कोणी तुम्हाला आकडा दाखवून चमत्कार सांगू लागला, तर तो कोणत्या मापात मोजला ते विचारा, आणि आपल्या मापाने घरी पुन्हा मोजून बघा. तोवर औषध मात्र बंद करू नका.