उत्तराखालचं पद

लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत तक्रार निवारण विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली, एक कपाट, एक कॉम्प्युटर आणि ताई. विभागाचे खरे प्रमुख अकरा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्या दिवशी कंपनीचे जुने साहेब दारात उभे राहून म्हणाले होते, "आता तुम्हीच बघा. मेलखाली प्रमुख लिहीत जा, म्हणजे लोक ऐकतात." कागद निघाला नाही. निघेल निघेल म्हणता जुने साहेबच निघून गेले. पण त्याच दुपारी ताईंनी सिग्नेचरमध्ये आपल्या नावाखाली टाइप केलं होतं: प्रमुख, तक्रार निवारण विभाग. आधी ठळक करून पाहिलं, मग लाज वाटली म्हणून परत साधं केलं.

त्या ओळीनं पगारात फरक पडला नाही, खुर्चीचा मोडका हातही बदलला नाही. घरी मात्र फरक पडला. सासूबाईंनी उभ्या आयुष्यात सुनेची एकच गोष्ट चारचौघांत कौतुकानं सांगितली, ती ही. "आमची सून प्रमुख आहे," हे वाक्य त्या शेजारणीला, दूधवाल्याला आणि दाताच्या डॉक्टरांना, तोंडात कापूस असतानासुद्धा, सांगून बसल्या होत्या.

मग नवीन साहेब आले आणि येताना शिस्त घेऊन आले. आधी ऑफिसात ज्याच्या मनात येईल ती सिग्नेचर. हिशेबनीस बाईंच्या मेलखाली उगवता सूर्य आणि सुविचार, विक्रीवाल्याचं नाव जांभळ्या तिरक्या अक्षरांत, गोदामवाल्याच्या मेलखाली दोन वर्षांपूर्वी बंद पडलेला फोन नंबर. साहेबांनी पत्रक काढलं. नवीन मेल उघडताच खाली आपोआप सारखीच सिग्नेचर आली पाहिजे: डावीकडे लोगो, उजवीकडे नाव, पद आणि फोन, साधं करडं अक्षर, आकार दहा. सूर्य बंद, सुविचार बंद. पद कर्मचारी यादीप्रमाणे.

यादीत ताई कनिष्ठ सहायक होत्या. त्यांनी पत्रक दोनदा वाचलं. पगार नसलेलं पदही काढून घेता येतं, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

सिग्नेचर बसवायचं काम प्लगमामांकडे आलं. ऑफिसातली सगळी कॉम्प्युटरं तेच सांभाळत, आणि कसलीही तक्रार सांगितली की पहिला प्रश्न "प्लग नीट बसलाय ना?" म्हणून हे नाव. दुसरी सवय अशी की लिहून दिलंय तेवढंच करायचं, वर काडीचंही नाही. या सवयीपायी त्यांनी शिव्या खाल्ल्या होत्या, पण नोकरीही तिनेच टिकवली होती.

ते ताईंच्या खुर्चीवर बसले, सेटिंग उघडलं, लोगो आणून चिकटवला. लोगो आधी पानभर पसरला. मामांनी त्याचे कोपरे धरून त्याला जागेवर बसवलं. मग 'कनिष्ठ सहायक' टाइप केलं. ताई कपाटाकडे तोंड करून उगाच फायली सारख्या करत होत्या.

"ताई, इथं चौकटी दोन आहेत," मामा म्हणाले. "एक नवीन मेलसाठी, एक उत्तरासाठी. दोन्हींना वेगवेगळी सिग्नेचर लावता येते."

"मग?"

"पत्रकात नवीन मेल लिहिलंय. उत्तराचं काही लिहिलेलं नाही. म्हणून तिथं तुमची जुनीच राहते. मी लिहिलंय तेवढंच करतो."

ताईंनी मान फिरवून त्यांच्याकडे पाहिलं. मामांचा चेहरा बंद पडलेल्या स्क्रीनसारखा कोरा होता. ताईंचा जीव भांड्यात पडला, कारण नवीन मेल त्या वर्षातून चार लिहीत असतील नसतील. लोक तक्रार करत आणि त्या उत्तर देत. त्यांचं सगळं काम दुसऱ्या चौकटीतलं.

संध्याकाळी साहेबांनी तपासणीसाठी प्रत्येकाकडून एक नवीन मेल मागवला. ताईंनी पाठवला. साहेबांचं उत्तर आलं: "लोगो थोडा वर सरकवा." आलेला मेल अनुत्तरित ठेवणं ताईंच्या हातांना अकरा वर्षांत माहीतच नव्हतं. मिनिटाच्या आत त्यांनी लिहिलं, "नोंद घेतली, आज दुरुस्त होईल," आणि पाठवून दिलं. गेल्यावर दिसलं. खाली, साधंच, पण स्पष्ट: प्रमुख, तक्रार निवारण विभाग.

सकाळी केबिनमध्ये बोलावणं आलं.

"तुम्हाला प्रमुख कुणी केलं?"

"जुन्या साहेबांनी. तोंडी."

"ग्राहक मानतात?"

"मानतात."

साहेबांनी थोडा विचार केला. ते रागावले नाहीत. "मग राहू द्या," ते म्हणाले. "उत्तरं बाहेर जातात, तिथं प्रमुख असलं की वजन पडतं. नवीन मेल आपल्याआपल्यात, तिथं यादीप्रमाणे सहायक. यादी कशाला बदलायची? काम चाललंय ना."

ताई खोलीत परत आल्या. जे जाईल म्हणून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता ते गेलं नव्हतं. तरीही थोबाडीत खाल्ल्यासारखं वाटत होतं. अकरा वर्षं त्यांनी ती ओळ आपली म्हणून जपली, आणि ती निघाली दुकानाबाहेर टांगलेली पाटी. दुकानदाराला हवी तेव्हा लावायची, हवी तेव्हा उतरवायची. त्यांना रडू आलं नाही, राग आला.

मग त्यांनी सेटिंग उघडलं आणि दुसऱ्या चौकटीतही कनिष्ठ सहायक लावलं.

त्या दिवसापासून ताई सहायकाचं काम करू लागल्या. लिफ्टमध्ये कुणी अडकलं असेल तर आधी फिटर पाठवायचा. तेवढं पाप त्यांनी डोक्यावर घेतलं नाही. बाकी सगळ्यांना एकच उत्तर: "आपली तक्रार विभागप्रमुखांकडे पाठवली आहे." यादीत विभागप्रमुख नव्हता. ताईंच्या वरचं पुढचं नाव साहेबांचं होतं.

पहिल्या दिवशी साहेबांना नऊ मेल गेले. गुरुवारपर्यंत त्रेपन्न झाले. एकाचं दार बंद होताना कण्हत होतं, एकाची लिफ्ट दुसरा मजला गाळून थेट तिसऱ्यावर जात होती, एकजण नुसताच चिडला होता. कुठल्या इमारतीत कुठला फिटर चालतो, आणि कुठल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी गुडघ्याचं कसं काय विचारलं की मगच तो पुढचं ऐकतो, हे साहेबांच्या यादीत नव्हतं. त्यांनी तीन फिटर एकाच इमारतीत धाडले आणि ज्या दवाखान्याची लिफ्ट बंद होती तिथं एकही नाही.

शुक्रवारी साहेब पहिल्यांदाच जिन्याखाली आले. वाकायचं असतं हे माहीत नव्हतं, त्यामुळे कपाळाला टेंगूळ आलं.

"हे सगळं माझ्याकडे का येतंय?" कपाळ चोळत त्यांनी विचारलं.

"प्रमुखांकडे पाठवते, साहेब."

"पण मी म्हटलं होतं ना, उत्तरात तुम्ही प्रमुख म्हणून लिहा."

"तुम्ही तोंडी म्हणाला होतात," ताई म्हणाल्या. "आता यादीप्रमाणे चाललंय."

परत जाताना साहेब दारात वाकले.

सोमवारी प्लगमामा आले. हातात शिक्का मारलेलं पत्र आणि सुधारलेली यादी. त्यांनी दोन्ही कागद कीबोर्डशेजारी नीट ठेवले, चष्मा लावला आणि एकेक अक्षर बघून टाइप केलं: प्रमुख, तक्रार निवारण विभाग.

"पहिल्या चौकटीत झालं. दुसरीत?"

"दोन्हीकडे हेच."

"ठळक करू?"

"पत्रकात काय लिहिलंय?"

"साधं."

"मग साधंच."

संध्याकाळी ताई ते पत्र पर्समध्ये घडी न घालता घेऊन घरी गेल्या. सासूबाई दारातच शेजारणीशी बोलत उभ्या होत्या. ताईंचा हात पर्सकडे गेला आणि तिथंच थांबला. सांगणार काय? सासूबाई अकरा वर्षं हेच तर सांगत आल्या होत्या.