दोन्हीकडचा भंडारा

माझ्या लेकीला, छकुलीला, कडेवर घेऊन मी गिरणीत दळण ठेवलं, तोच ठमाबाईनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय गं, तुझ्या सासऱ्याला कावीळ झालीय म्हणं? दोन्ही हात पिवळं झाल्यात!"

बाया पदराआड हसल्या. एकीला तर पीठ नाकात जाऊन शिंका लागल्या. मला काही कळेना. मग ठमाबाईनंच चवीनं सगळं सांगितलं.

सणसरच्या पलीकडच्या आमच्या गावात त्या दिवसांत सरपंच टिकतच नव्हता. दिल्लीतही तीच गत, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. "तितं सरकार पडतंय, मग हितं का न्हाय?" असं पारावरची मंडळी ऐटीत म्हणायची. आता मोहनराव सरपंच होते आणि विरोधी गटाच्या दादासोनं त्यांच्यावर अविश्वास ठराव आणला होता. मतं अशी अडली होती की सगळं माझ्या सासूबाईंवर येऊन ठेपलं. आत्याबाई, म्हणजे सारजाबाई, बायकांच्या राखीव जागेवर निवडून आलेल्या. पण दोन्ही बाजूंनी गाठलं ते मामांना, माझ्या सासऱ्यांना. सकाळी दादासो बिरोबाच्या देवळातला भंडारा घेऊन आला. ही देवाची हळद. ती हातात घेऊन दिलेला शब्द मोडायचा नसतो. मामांनी उचलला. संध्याकाळी मोहनराव आले. मामांनी तोही उचलला.

"आवं, पन दोन्ही?" मी गिरणीतलं घरी सांगितलं तेव्हा आत्याबाईंची भाकरी हातातच राहिली.

मामा उंबऱ्यात बसून अंगठ्यानं जमीन उकरत होते. "दारात आलेल्याला काय म्हणायचं? मोहनराव माझ्या मेव्हण्याचा साडू. दादासो तर माझ्या खांद्यावर खेळल्यालं प्वार."

"मग खेळवायचं तुमी, आन वझं माझ्या खांद्यावर?"

मला हसू आलं, पण मामांचा चेहरा पाहून ते मागं सरलं. आठवड्यानं बिरोबाची जत्रा होती. तिथं गजी, म्हणजे ढोलाच्या तालावर फेर धरणारे गडी, नाचतात, त्यात मधला ढोल मामांचा. त्यांचा हात पडल्याशिवाय गड्यांचे पाय उचलत नाहीत. आणि ज्याचा भंडारा खोटा पडला, त्यानं ढोलाला हात लावायचा नाही, ही रीत.

"मत एक, भंडारं दोन," मामा म्हणाले. "एक खोटा पडणारच, सारजे."

मी छकुलीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. मिशा ओढायला तिला फार आवडतं. त्यांनी ओढू दिल्या.

दुसऱ्या दिवशी दादासोची जीप दारात. मतदानापर्यंत सदस्यांना थंड हवेच्या ठिकाणी नेऊन ठेवायची टूम तेव्हा आमच्याकडं नवीन होती.

"काकू, महाबळेश्वर दाखवतो. स्ट्रॉबेरी खावा, आराम करा."

"आन म्हशीची धार कोन काढंल? तू?"

"काकू, मी?"

"मग जा. बस स्ट्रॉबेरी खात."

जीप रिकामीच परत गेली. त्या दिवशी धार काढताना आत्याबाई म्हशीशीच बोलत होत्या. काय ते मला ऐकू आलं नाही.

सभा शाळेच्या वर्गात भरली. इंदापूरहून तहसीलदार आले होते. मी छकुलीला घेऊन खिडकीशी उभी. मामा आतच आले नाहीत, बाहेर बाभळीखाली पाठ करून बसले. हात वर करायची वेळ आली तशा आत्याबाई उठल्या.

"सायेब, आधी बोलू का?"

"बोला की बाई."

"मोहनराव, दादासो, दुसऱ्याच्या वावरातला ऊस कुनी कारखान्याला घालतं का? मत माझं, आन भंडारा माझ्या नवऱ्याच्या हातात! मी घरातच हुते की, भाकरी थापत. मला इचारायला काय लाज वाटली व्हय?"

मोहनराव छताकडं बघू लागले.

"मोहनराव, तुमी काय देवमानूस न्हाय. पन दर खेपंला नवा सरपंच येतो, आन पान्याच्या टाकीचा खड्डा नव्या जागी काढतो. तीन खड्डं झालं. माझी नात पडंल त्यात एखांद्या दिवशी. आता ह्याच खड्ड्यावर टाकी बांधा."

एवढं बोलून त्यांनी ठरावाच्या विरोधात हात वर केला. ठराव पडला.

दादासो तडक बाभळीखाली गेला. "तात्या, भंडारा उचलला हुता तुमी!"

"उचलला हुता," मामा म्हणाले. त्यांनी पटका काढून काखेत घेतला आणि बोडक्या डोक्यानं गावातून चालत देवळात गेले. मी छकुलीला सावरत मागोमाग. तिथं बसलेल्या म्हाताऱ्यांना त्यांनी स्वतःच सांगून टाकलं, "माझा एक भंडारा खोटा पडला. ह्या साली ढोल दुसऱ्याकडं द्या."

आत्याबाईंनी घरी आल्यावर त्यांना चहा दिला. साखर जरा जास्तच होती.

जत्रेत ढोल आमच्या ह्यांच्या गळ्यात आला. माझा नवरा म्हणून सांगते, ताल त्यांना कधीच साधला नाही. लासुर्ण्याचे पाहुणे तोंडाला रुमाल लावून हसत होते, गजी एकमेकांच्या पायावर पाय देत होते, त्यांच्यातच नाचणारा दादासो तर दोनदा तोंडघशी पडता पडता वाचला. गर्दीत छकुलीला खांद्यावर घेऊन उभ्या मामांचा जीव नुसता वरखाली होत होता. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. शेवटी आत्याबाईंनी त्यांना कोपरानं ढोसलं.

"सांगा की मोठ्यानं. भंडारा हातानं उचलला हुता. तोंडाला कुठं बंदी हाय?"

मामांनी देवळाकडं एकदा पाहिलं. मग तोंडानंच ढोलाचा असा खणखणीत बोल टाकला की छकुली दचकली, ह्यांचा हात जागेवर आला आणि सगळ्यात आधी दादासोचा पाय उचलला.