पदरावरचा हात

मित्रांनो, मी एक जुनी सुती साडी आहे, आणि माझा राग अजून गेलेला नाही. वस्तूंनी सांगितलेल्या गोष्टींत शेवटी वस्तू सगळ्यांना क्षमा करून टाकते, असं तुम्ही वाचलं असेल. मी तसं काही करणार नाही. का करणार नाही, ते नीट क्रमाने सांगते.

माझा जन्म हातमागावर झाला. रंग दुधावरच्या सायीचा, काठ बोटभर रुंद आणि तपकिरी. रत्नागिरीच्या एका दुकानात मला काचेमागे मांडलं होतं. तिथे उन्हाने माझी वरची घडी पिवळी पडली. मग दुकानदाराने मला उतरत्या भावाच्या ढिगात टाकलं. त्या ढिगातून मला जिने उचललं तिचं नाव सगुणा. साल पंच्याऐंशी, महिना मार्चचा.

सगुणा लांज्याची. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. रत्नागिरीतल्या एका कचेरीत तिला लेखनिकाची नोकरी लागली होती आणि एप्रिलच्या पहिल्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. तिचे वडील महिपत शेतकरी, मोजकं बोलणारे. त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "कपडे एकदा घेऊन देतो. पुन्हा नाही. महिनाभर बघतो. कुणी नाव ठेवलं, तर लांज्याला घेऊन येईन."

म्हणून सगुणाने माझी निवड फार विचाराने केली. तिने दुकानात मला दारापाशी उजेडात नेलं आणि पिशवीतून आणलेले कापडाचे तुकडे माझ्यावर ठेवून पाहिले. तिचा हिशेब असा होता: साड्या तीन, ब्लाउज तीन, पण कुठलाही ब्लाउज कुठल्याही साडीवर चालला पाहिजे. म्हणजे जोड नऊ होतात, आणि दीड आठवडा तोच जोड कुणाला पुन्हा दिसत नाही. एक साडी आईची जुनी निळी व्हॉइल. दुसरी बाटलीसारख्या हिरव्या रंगाची, टेरिलीनची, कारण पावसाळ्यात सुती कापड वाळत नाही. तिसरी मी. भडक रंगाची साडी एकाच ब्लाउजशी पटवून घेते. माझ्यासारखी सौम्य साडी तिघांशी पटवून घेते. साऱ्या बेताचा कणा मी होते, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

ब्लाउज शेजारच्या फातिमाने शिवले. सगुणा रत्नागिरीतच मांडवीला काकूकडे राहायची आणि फातिमाचं घर परसाला लागून होतं. फातिमाचा भाऊ कुवेतला. त्याने पाठवलेल्या कापडांचे उरलेले तुकडे तिच्याकडे साठलेले असत. त्यांतून मोहरी रंगाचा, मरून आणि काळा असे तीन निवडले. फातिमा म्हणाली, "तुझ्या कचेरीतल्या बायका विचारतील गो, एवढी कपाटं कुठे ठेवलीस?"

आता काकूबद्दल. सावित्रीकाकू ही सगुणाच्या थोरल्या काकांची बायको. काका मुंबईत गिरणीत. घरात काकू आणि तिची मुलगी चिमा. चिमानेही त्याच नोकरीसाठी मुलाखत दिली होती. सगुणा पहिली आली, चिमा दुसरी. सगुणाने महिन्याभरात नोकरी सोडली असती, तर ती चिमाला मिळाली असती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

आमच्याकडे रीत आहे. नवी साडी आणली की तिची घडी आधी घरातल्या सवाष्णीने मोडायची. ती दिवसभर नेसते, मग जिची साडी तिला देते. त्याने साडी लाभते म्हणतात. सगुणाने मला काकूच्या हातात दिलं आणि वाकून नमस्कार केला.

"काकू, घडी तुम्ही मोडा."

"मी गो? बरं. लाभेल हो तुला," काकू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सगुणा आणि चिमा बाजारात गेल्या. काकू मला नेसून परसात आली. काजूचा हंगाम होता. झाडाखाली बोंडू पडले होते, पिवळे, लाल, रसाने फुगलेले. तिने एक उचलला, हातात पिळला आणि रसाने ओला झालेला तळवा माझ्या पदरावर दाबला. घाईने नव्हे. कुंभार चिखलावर हात ठेवतो तसा शांतपणे. मग निऱ्यांवर चार-दोन ठिकाणी शिंतोडे उडवले, हात धुतला आणि मला उतरवून व्यवस्थित घडी घातली.

मित्रांनो, बोंडूचा रस आधी पाण्यासारखा दिसतो. हवा आणि ऊन लागलं की तो तपकिरी होतो, आणि मग कुठल्याही साबणाला दाद देत नाही. संध्याकाळी काकूने मला परत दिलं तेव्हा मी स्वच्छ दिसत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी सगुणाने मला उन्हात घातलं आणि डाग वर आले. निऱ्यांवर ठिपके, पदरावर एक मोठा आकारहीन धब्बा.

"काकू, हे काय झालं?"

"मला काय विचारतेस? मी दिली तेव्हा धुतल्या तांदळासारखी होती. तूच कुठे बोंडवांत बसलीस बघ." मग कुंपणापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात, "स्वतःची साडी सांभाळता येत नाही, कचेरी काय सांभाळणार?"

माझ्याजवळ पुरावा होता आणि तोंड नव्हतं. ती तडफड तुम्हाला कशी सांगू? त्या दिवशी मी ठरवलं, या हाताला मी सोडणार नाही.

सगुणा रडली नाही. तिने मला साबणाने धुऊन परसातल्या तारेवर वाळत टाकलं आणि पायरीवर बसून बघत राहिली. तार जुनी, गंजलेली. थोड्या वेळाने ती उठून जवळ आली. माझा डाग जिथे तारेला टेकला होता, तिथे निळसर काळी रेघ उठली होती. डाग नसलेल्या जागी गंजाचा नुसता पिवळट ओरखडा होता.

"फातिमा," तिने कुंपणावरून हाक मारली, "जुने गंजके खिळे आहेत का गं तुझ्याकडे?"

"होडीचे डबाभर आहेत. कशाला?"

"शाई करायचीय."

बोंडूतलं तुरट द्रव्य लोखंडाला भेटलं की काळं होतं. जुन्या काळी शाई अशीच करत. एकटे डाग काळे झाले असते तर मी कामातून गेले असते. सगुणाने उलटा विचार केला: डाग जात नसेल, तर साऱ्या साडीलाच डागाच्या रंगाकडे न्यायचं. तिने हिरडे आणून कुटले, कारण हिरड्यातही तेच तुरट द्रव्य असतं. फातिमाच्या घरी एक मोठा तांब्याचा हंडा होता. तिचे वडील अलीचाचा पूर्वी सुती जाळी ऐनाच्या झाडाच्या सालीत उकळत, म्हणजे खाऱ्या पाण्यात ती कुजत नसत. नायलॉनची जाळी आल्यापासून हंडा पालथा पडला होता. त्यात मला हिरड्याच्या काढ्यात मुरवलं. खिळे आंबलेल्या पेजेत भिजत पडले होते. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, तिने ते पाणी गाळून घेतलं आणि मला त्यात बुडवलं.

मी करडी झाले. भरतीआधी समुद्र दिसतो तशी. पिवळी पडलेली घडी नाहीशी झाली, काठ काळपट झाला, ठिपके बुडून गेले. फक्त पदरावरचा धब्बा बुडाला नाही. तिथे रस दाट होता. तिथला काळा रंग गडद होत गेला, त्याच्या कडा स्पष्ट झाल्या, आणि आकारहीन वाटणारा तो डाग आकाराला आला.

फातिमा वाकून बघत होती. "हात आहे गो हा."

हातच होता. उजवा. अंगठा, दोन बोटं, मग एक अर्धंच बोट, मग करंगळी. सावित्रीकाकूची अनामिका तरुणपणी विळीवर तुटली होती. म्हणून ती कुंकू मधल्या बोटाने लावायची, आणि साऱ्या मांडवीला ते ठाऊक होतं.

फातिमा म्हणाली, "परत बुडव. दोनदा बुडवलंस की सगळं सारखं होईल."

सगुणाने मला हळूच पिळलं. "नको. राहू दे."

मित्रांनो, त्या क्षणी मी तिची झाले.

सोमवारी ती मला नेसून कचेरीत गेली, मोहरी ब्लाउजवर. पदराच्या बारीक घड्या घालून खांद्यावर पिन लावली की हात आत दडायचा. कुणाला काही दिसलं नाही. दिसलं ते एवढंच, की मुलगी नीटनेटकी आहे. करडा रंग सायीच्या रंगाहून गुणी निघाला. मरून त्यावर उठून दिसायचा, काळा शांत दिसायचा. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी खरोखरच विचारलं, "तुझ्या घरी कापडाचं दुकान आहे काय?"

काकूचा जीव जळत होता. तिने गाववाल्याबरोबर महिपतांना निरोप पाठवला: पोर घरीच रंगवलेली लक्तरं नेसून जाते, कचेरीत हसतात, येऊन घेऊन जा.

महिपत आले ते नेमके चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या दिवशी, रविवारी. काकूनेच तो दिवस कळवला होता. आळीतल्या बायकांसमोर एकदा शोभा झाली की बाप मुलीला ठेवणार नाही, असा तिचा बेत. ती सगुणाला म्हणाली, "आज ती करडी नेस हो. बाबांना बघू दे."

"बरं, काकू," सगुणा म्हणाली. तिने मला नेसलं. पिन लावली नाही. पदराच्या घड्या घातल्या नाहीत. तो पाठभर मोकळा सोडला.

माजघरात बायका बसल्या होत्या. महिपत बाहेर पडवीत, दाराला पाठ टेकून. सगुणा पन्ह्याचे पेले देत फिरू लागली.

"बघा हो," काकूने सुरुवात केली, "नवी कोरी साडी. डाग पाडून घेतला आणि मग ही कळा केली. भावजी, तुम्हीच सांगा, असं नेसून कुणी नोकरीला जातं?"

शेजारच्या सोनूबाई साऱ्यांत वयस्क. त्यांच्या कपाळावर काकूने नुकतंच कुंकू लावलं होतं. त्या म्हणाल्या, "सगुणा, थांब गो. पदरावर काय छापलंय हे?"

"नक्षी आहे, आजी."

"नक्षीला अंगठा असतो काय?" सोनूबाईंनी पदर ओढून मांडीवर पसरला. कुणीतरी हसलं. सोनूबाई बोटाने चाचपत गेल्या. "हा अंगठा. ही दोन. आणि हे एवढंच?" त्यांचं बोट तिथे थांबलं. मग ते त्यांच्या कपाळाकडे गेलं. "सावित्री, तुझा कुंकवाचा हात बघू."

काकूने करंडा खाली ठेवला आणि हात पदराखाली घेतला. "काहीतरीच. रंग फुटलाय तो. घरी रंगवल्यावर असंच होणार."

"रंग मी सगळीकडे सारखा दिला, काकू," सगुणा म्हणाली. आवाज अगदी साधा. "आधी बोंडूचा रस लागला असेल तिथेच तो काळा उठतो. घडी मोडायला दिली होती तेव्हा लागला असेल. हवं तर हात ठेवून बघू, बसतो का."

काकूने हात बाहेर काढला नाही. दारात महिपत उभे होते. ते पदराकडे बघत होते.

"वहिनी," ते म्हणाले, "ते बोट मी बांधलं होतं."

एवढंच. सोनूबाईंनी कैरीच्या डाळीची वाटी न खाता खाली ठेवली आणि त्या उठल्या. मग दुसरी उठली, मग तिसरी. वाट्या तशाच राहिल्या. एवढ्या भरलेल्या वाट्या एका घरात उरलेल्या मी पुन्हा पाहिल्या नाहीत, आणि मला त्या फार सुंदर दिसल्या.

महिपत मुलीला म्हणाले, "दुसरीकडे खोली बघू काय?"

"नको बाबा. मी इथेच राहणार."

ती तिथेच राहिली. पगार झाल्यावर तिने एक नवी साडी घेतली, पांढरीशुभ्र. घरी आणताच सोनूबाईंना बोलावून, त्यांच्यादेखत ती काकूच्या हातात दिली आणि वाकून नमस्कार केला. "काकू, घडी तुम्हीच मोडा."

सवाष्णीला ही विनंती नाकारता येत नाही. काकू ती साडी नेसून दिवसभर पाटावर बसून राहिली. परसात गेली नाही, चुलीशी गेली नाही, हात अंगापासून दूर धरून बसली. स्वयंपाक चिमाने केला. संध्याकाळी साडी परत आली ती निर्मळ. त्यानंतर सगुणाने जितक्या साड्या घेतल्या, तितक्यांची घडी काकूनेच मोडली. मी दोरीवरून बघत असे.

आता मी ट्रंकेच्या तळाशी आहे. सगुणा निवृत्तीला आली, तिच्या साड्यांचे जोड कुणी मोजत नाही. मला एक गोष्ट मात्र तेव्हा ठाऊक नव्हती, तिलाही नसावी. लोखंड आणि तुरट रस मिळून जो काळा रंग होतो, तो सुती धागा हळूहळू खातो. जिथे रंग गडद, तिथे आधी. बाकीची मी अजून धड आहे. पदरावर हात होता तिथे आता भोक आहे, अंगठा, दोन बोटं, एक अर्धं आणि करंगळी. मला उलगडून उजेडासमोर धरलंत, तर तो हात भिंतीवर उमटेल.

त्याची किंमत मी दिली, मित्रांनो. आणि पुन्हा द्यायला लागली तरी देईन.

तुम्हाला माझं मागणं थोडंच आहे. दुसऱ्याची वस्तू विश्वासाने तुमच्या हाती आली, तर ती घेण्याआधी हात धुवा. कापड बोलत नाही, पण ते हात ओळखून ठेवतं.