अस्तराचे पांढरे टाके

मी एक टाईपरायटर बोलतोय. मराठीचं एक अक्षर माझ्यात नाही, तरी भोरच्या या घरात दिवसभर मराठीच ऐकत बसलोय.

माझा जन्म विलायतेतला. आनंदनं मला लंडनच्या जुन्या बाजारात घेतलं. बॅरिस्टर व्हायला गेलेला हा पठ्ठ्या एका छोट्या बोलपट कंपनीत लेखक झाला. कंपनी कसली, दोन खोल्या आणि एक उसना कॅमेरा! पण प्रत्येक वाक्य तो आधी मोठ्यानं म्हणून बघायचा, मगच माझ्यावर बडवायचा. मला त्याचा फार अभिमान होता.

सदतीस साली त्याच्या धाकट्या बहिणीचं, सौदामिनीचं पत्र आलं. तेही त्यानं मोठ्यानंच वाचलं. "दादा, सारोळ्याला सासरी मला मारतात. आई म्हणते, बाबांच्या मागं घरात कर्ता तू. तुझा होकार आला की मला ठेवून घेईल. दोन ओळी लिही."

"एवढा बोलपट संपू दे," असं म्हणून त्यानं पत्र माझ्या पेटीच्या अस्तराखाली सरकवलं. बोलपट संपला, तोवर सौदामिनीनं नीरा नदीत उडी घेतल्याची बातमी आली होती.

पुढचा बोलपट त्यानं तिच्यावरच लिहिला. त्यात भावाची तार वेळेवर पोचते: "तिला ठेवून घे, मी येतोय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र माझ्याच अक्षरांची लाज वाटली.

युद्ध लागलं, कंपनी बुडाली, आम्ही भोरला आलो. पहिल्याच दिवशी आईंनी विचारलं, "आनंदा, तिचं पत्र मिळालं होतं का रे?"

"नाही गं आई."

त्यानंतर त्याच्या हातून नवं काही लिहून होईना. कागद चढवून तो तीच तार पुन्हापुन्हा बडवायचा. आई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "लिहितोय बिचारा."

गेल्या महिन्यात पेटी पुसताना फाटक्या अस्तरातून पाकीट डोकावलं. आईंनी पत्र वाचलं. पाकिटाची फोडलेली कड कितीतरी वेळ चाचपली. मला ओरडायचं होतं, पण माझ्याकडे एक घंटीच, तीही ओळ संपत आल्यावर वाजणारी. मग त्यांनी पत्र परत आत ठेवलं आणि सुई-दोरा आणून अस्तर शिवून टाकलं.

जेवताना त्या म्हणाल्या, "टपालातच हरवलं असेल हो पत्र. तू मनाला लावून घेऊ नकोस."

जेवण झाल्यावर आनंद माझ्याजवळ आला. त्याला पांढरे टाके दिसले. त्यानं माझ्यावर चढवलेला कागद काढून घेतला.

तेव्हापासून माझ्यावर कागद चढलेला नाही. आई मला रोज पुसतात, तो रोज माझ्यासमोर बसतो. टाक्यांना कुणीच हात लावत नाही.

वाचकहो, कुणीतरी ते उसवा हो. आत ती अजून दोन ओळींची वाट बघतेय.