डबा रिकामा देऊ नये

चारुलताने पडदा जरासा सारला आणि चटकन सोडून दिला. समोरच्या दारातून जर्मन पोलीस ब्रांटकाकांच्या बंदुका बाहेर नेत होते. आयुष्यभर नेमबाजीच्या क्लबात मिरवलेल्या बंदुका! न्यायाधीशांचा हुकूम होता, माणूस सावरेपर्यंत शस्त्रं घरात नकोत. काका स्वेटरची बटणं लावून दारात उभे होते, पाहुण्यांना निरोप द्यायला उभं राहावं तसे.

पोलिसांना फोन तिनेच केला होता. काकांची बायको एल्के गेल्यापासून ती त्यांना डबा द्यायची; ते तिला 'फ्राऊ चारू', म्हणजे चारूबाई म्हणायचे. परवा डबा घेताना ते म्हणाले होते, "फ्राऊ चारू, रविवारनंतर डबा नको. मी एल्केकडे जाणार आहे. कुणाला सांगू नका."

आणि हिने मान डोलावली होती.

"अगं, बरोबरच केलंस तू," तिचा नवरा पद्माकर म्हणाला.

"बरोबर केलं हो. पण ज्याला जेवू घातलं, त्याचीच चहाडी केली. आता कोणत्या तोंडाने जाऊ?"

तरी संध्याकाळी ती गेलीच. दाराशी डबा ठेवला, बेल दाबली आणि चोरासारखी पळाली.

डबा परत आला नाही. एरवी दुसऱ्या सकाळी हमखास यायचा, तोही भरलेला. डबा रिकामा परत देऊ नये, ही आपली रीत तिने एकदाच सांगितली होती. पण जर्मन माणूस तो, नियम म्हणजे नियम! कधी सफरचंदं, कधी मुरंबा. घरात काहीच नव्हतं तेव्हा दोन साखरेचे खडे.

रविवार उलटला. सोमवारी बेल वाजली. दारात ब्रांटकाका, हातात डबा.

तिने झाकण उघडलं. आत कागदी रुमालावर एक काडतूस होतं.

"पोलिसांनी कपाटातली सगळी नेली," काका म्हणाले. "हे एल्केच्या चष्म्याच्या डबीत होतं. मीच वेगळं काढून ठेवलं होतं."

चारुलताने झाकण परत लावलं. "ब्रांटकाका, तो फोन मी..."

"माहीत आहे. तुमच्याशिवाय सांगितलंच कुणाला होतं?"

तिला रडू आवरेना. काका पायपुसण्याकडे बघत थांबले. मग घसा खाकरून म्हणाले,

"त्या दिवशीच्या भाजीत मीठ फार झालं होतं. उद्या जरा बेतानं घाला."