बूचसाहेबांची आई

शहाणी माणसं चुकतात तीही शहाण्यासारखी चुकतात, म्हणून तर त्या चुका निस्तरता येत नाहीत. बूचसाहेबांचंच बघा ना. हे नाव त्यांना कचेरीतल्या लोकांनी ठेवलं होतं, कारण घराघरांतल्या फटी बुजवायची योजना त्यांच्या डोक्यातून निघालेली. हिवाळा आला की त्या गावावर कोळशाच्या धुराचं झाकण बसायचं, पोरंसोरं खोकून बेजार व्हायची. साहेबांचा हिशोब सरळ होता. घरात वारा शिरला नाही तर ऊब टिकेल, कोळसा कमी जळेल, धूर कमी होईल. काढा यात खोट. मला तरी काढता आली नसती.

तपासनीस घरोघर जाऊन भिंतीलगत धुराची कांडी फिरवायचा. धूर हलला की तिथे फट. गल्लीतली सगळी घरं पास झाली तर गल्लीच्या तोंडाशी हिरवी पाटी लागायची, आणि एक घर नापास तर अख्खी गल्ली नापास.

शेगडीवरच्या झरोक्याचं काय, हा प्रश्न बैठकीत निघाला होता बरं का. खुद्द साहेबांनीच काढला होता. पण झरोक्याला सूट दिली तर लोक खिडकीएवढे झरोके ठेवतील, ही त्यांना धास्ती. शिवाय योजनेच्या दुसऱ्या भागात सगळ्यांना विजेच्या शेगड्या मिळायच्याच होत्या, मग झरोका हवा कशाला? सूट खोडली. पहिला भाग धूमधडाक्यात सुरू झाला. दुसरा भाग वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी टेबलावर जाऊन बसला, तो अजून बसलाय.

साहेबांची आई जुन्या गल्लीत एकटी राहायची. कांडीचा धूर झरोक्याकडे वळलेला दिसताच तिनं तपासनिसाला चहा देऊन बसवलं, स्टुलावर चढली आणि झरोक्यात जुनी चादर कोंबली. "आता फिरव," म्हणाली. "लेकाची योजना आणि आईचंच घर नापास, लोक काय म्हणतील?"

पाटी लागली. फेरतपासणी कधीही व्हायची, म्हणून चादरही तशीच राहिली.

थंडी वाढत गेली तशी आई मलूल झाली. जवळच राहणाऱ्या थोरल्या बहिणीचा, ताईचा फोन आला, "दिवसभर पेंगते रे. काल मलाच विचारलं, तू कोण म्हणून." साहेब म्हणाले, "वय झालं गं तिचं." रविवारी ते भेटायला गेले. शेगडीपाशी बसून गप्पा मारता मारता त्यांचंच डोकं जड झालं, मळमळायला लागलं. त्यांनी वर पाहिलं, तर झरोक्यात चादर कोंबलेली. स्टुलावर चढून त्यांनी ती ओढून काढली.

"आई, शेगडी पेटती असताना हे उघडंच हवं. नाहीतर कोळशाचा विषारी वायू कोंडून जीव जाईल तुझा."

"बरं," आई म्हणाली. तापातल्या पोराला म्हणावं तसं.

दुसऱ्या दिवशी साहेब थोरल्या साहेबांसमोर उभे राहिले. झरोक्याला आजच्या आज सूट द्या, म्हणाले. थोरल्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "अहो, पोरांचा खोकला कमी झालाय. दवाखान्यात जाऊन बघा, निम्म्या खाटा रिकाम्या. आणि ऐन हिवाळ्यात आपणच म्हणायचं, नियम चुकला? मग कोण ऐकेल आपलं? थंडी सरू द्या."

"आणि माझी आई?"

"आईला तुम्ही समजवा की."

दवाखान्यातल्या खाटा खरंच रिकाम्या होत्या, हीच तर मेख. साहेबांना धड भांडताही येईना.

आईला समजवायला ते पुन्हा जाणार होते. पण त्याआधीच गल्लीत फेरतपासणीची आवई उठली, आणि शेजारणी तिच्या दारात आल्या, "तुमच्या झरोक्यापायी आमची पाटी जायची हं." बिचारी पुन्हा स्टुलावर चढली. सकाळी ताईला ती शेगडीपुढच्या खुर्चीत सापडली. गाल गुलाबी, जणू नुकतीच फिरून आली होती.

सगळं उरकल्यावर गल्ली भेटायला आली. माणसांनी खोली भरली, कुणीतरी शेगडी पेटवली, दार लावून घेतलं. साहेबांनी उठून खिडकी उघडली. शेजारच्या काकूंनी ती हलकेच बंद केली.

"काकू, राहू द्या उघडी. आई यानंच गेली."

"वयानं गेली रे. घरच्या उबेत गेली, भाग्याची. आणि पाटी किती जपली तिनं, आता आपण घालवायची?"

"योजना माझी आहे, काकू. मीच सांगतोय, चुकलं माझं."

काकूंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि बाकीच्यांकडे बघून मान हलवली. दुःखात माणूस काहीही बोलतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

साहेब तसेच अनवाणी बाहेर पडले आणि गल्लीतलं एकेक दार ठोठावू लागले. झरोके उघडा, म्हणून हात जोडत होते. लोक दार किलकिलं करत, सगळं ऐकून घेत, त्यांच्या आईबद्दल चार चांगले शब्द बोलत. मग वारा आत येऊ नये म्हणून दार नीट दाबून लावून घेत.