मिहलेचं कूळ

सातवा महिना लागला आणि लिंडेल्वाला दुपारच्या झोपेत एक बाई दिसायला लागली. फाटकापाशी उभी असायची, आत यायची नाही. सुरुवातीला लिंडेल्वाने ते हसण्यावारी नेलं. मग एका दुपारी ती झोपेतून उठून तशीच स्वयंपाकघरात आली आणि बटाटे धुवायला नळाकडे निघालेल्या युनिसच्या पायांकडे बघत उभी राहिली.

"काय गं?" युनिस म्हणाली.

"ती तुझ्यासारखी चालते. डावा पाय जरासा ओढत."

युनिसने नळ सोडला आणि बराच वेळ बंद केला नाही. आपल्यासारखं चालणारं, आपल्यासारखं दिसणारं एकही माणूस तिने जन्मात पाहिलं नव्हतं. तान्ही असताना ती पोर्ट एलिझाबेथच्या टॅक्सी स्टँडवर कुणाला तरी सापडली आणि अनाथाश्रमात वाढली. नाव तिथल्या नर्सने ठेवलं. कूळ ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. म्हणून लिंडेल्वाशी लग्न झाल्यावर मूल हवं असं दोघींचं ठरलं, तेव्हा तिने एकच मागणं मागितलं होतं. पोटात तू वाढव, पण रक्त माझं असू दे. दवाखान्यात युनिसची बीजं काढली, एका दात्याच्या बीजाशी त्यांचा संयोग झाला, आणि तयार झालेला गर्भ लिंडेल्वाच्या पोटात ठेवला. एक जीव, दोघी आया.

मुलगी झाली. मिहले. युनिसने तिला उचललं आणि तिला एकदम भीतीच वाटली. कपाळ युनिसचं, कानही तिचेच. पण हनुवटी तिची नव्हती, लिंडेल्वाची तर असणारच नव्हती. दात्याची असेल, असं ती स्वतःला सांगायची. तरीही अंघोळ घालताना, कपडे बदलताना, त्या इवल्याशा तोंडामागे आणखी कुणीतरी उभं आहे असं तिला वाटत राही.

मिहले रोज दुपारी रडायची. पोटात दुखत नव्हतं, ताप नव्हता. दाराकडे डोळे लावून रडायची. डॉक्टर म्हणाले, होतं असं, वाढेल तशी थांबेल. लिंडेल्वाच्या आईने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डॉक्टरांचं त्यांच्यापाशी. पोरीची पितरांशी ओळख करून दिलीत का? नाही ना? मग या गावाला. शेळी मी बघून ठेवते."

गाव गकुवा शहराच्या पुढे, टेकडीवर. आईचं नाव नोझुकिले, पण सगळं गाव तिला आईच म्हणे. घरी माणसं जमली होती, बिअर आंबून तयार होती. लिंडेल्वाचे थेंबेकिले काका विधी करणार होते. त्यांनी युनिसला आपादमस्तक न्याहाळलं.

"रक्त हिचं म्हणता, मग कूळ कुठलं लावायचं? आणि बापाचं काय?"

"वळूला कुणी कूळ विचारतं का, भावजी?" आई म्हणाली. बायका तोंडावर हात धरून हसल्या. "पोर माझ्या लेकीच्या पोटात वाढली. आपल्या टोलो कुळाची आहे. व्हा पुढे."

काका गोठ्यात शिरले. त्यांनी टोलोंच्या पूर्वजांची नावं एकेक करून घेतली, मुलीचं नाव सांगितलं आणि भाल्याचं टोक शेळीच्या पोटाला टोचलं. शेळी ओरडली की पितरांनी ऐकलं असं समजायचं. शेळी ओरडली नाही. काकांनी नावं पुन्हा घेतली, पुन्हा टोचलं. शेळी नुसती गोठ्याच्या दाराकडे बघत राहिली. बायकांची कुजबुज थांबली. लिंडेल्वाच्या खांद्यावर मिहले रडत होती, तेवढाच आवाज.

आई उठली. युनिसचा दंड धरून तिला गोठ्याच्या दारापाशी घेऊन गेली.

"बाई गोठ्यात येणार?" काकांनी विचारलं.

"आत नाही येत. दारात उभी राहील." मग युनिसला म्हणाली, "बोल. तुझ्या माणसांशी बोल."

"आई, मला कुणाचंच नाव माहीत नाही."

"मग तेच सांग त्यांना."

आश्रमात युनिसला हे कुणी शिकवलं नव्हतं. "मला तुमची नावं ठाऊक नाहीत," ती म्हणाली. "तुम्हालाही माझं ठाऊक नसेल. मला युनिस म्हणतात. ही माझी मुलगी, मिहले. हिला टोलोंच्या लेकीने पोटात वाढवलं. बाहेर कुणी थांबलं असेल तर... या."

काकांनी भाला टेकवला. शेळी ओरडली, लांब, घसा खरवडून.

"कामागू! पितरांनो, कृपा असू द्या!" सगळे म्हणाले. शेळीच्या मांसाचा पहिला घास आईने लिंडेल्वाच्या हातावर ठेवला, दुसरा युनिसच्या. मिहले तोवर झोपी गेली होती.

घरी परतल्यावर दुपारचं रडणं थांबलं. लिंडेल्वाची स्वप्नंही थांबली. काही आठवडे बरे गेले.

मग एका शनिवारी, युनिसच्या कारखान्याला सुट्टी होती तेव्हा, ती मिहलेच्या पाळण्याशेजारी चटईवर आडवी झाली आणि तिचा डोळा लागला. स्वप्नातली ती बाई आता फाटकापाशी नव्हती. घरात होती. पाय ओढत पाळण्यापाशी आली, वाकली, मिहलेच्या हनुवटीला बोट लावलं. तिची स्वतःची हनुवटी तशीच होती. युनिसने हाक मारली, "आई?" बाईने मान वळवली नाही. तिला फक्त पोर दिसत होती.

युनिसने गावाला फोन केला.

"तू बोलावलंस, ती आली," लिंडेल्वाची आई म्हणाली.

"पण ती माझ्याकडे बघत नाही."

"ते मला नाही गं सांगता येणार, पोरी."

लिंडेल्वा म्हणाली, दुपारी झोपूच नकोस. युनिसने ऐकलं नाही. आता दर शनिवारी ती मिहलेला पाळण्यातून काढून कुशीत घेते, दाराकडे पाठ करून निजते. बाई येते. पोरीला बघायचं तर तिला युनिसच्या खांद्यावरून वाकावं लागतं. तेवढा वेळ तिचा श्वास युनिसच्या मानेवर पडत राहतो, आणि युनिस हलत नाही.